दोनशे चाळीसच्या आत

दिल्लीत बसून ज्या कोणी हा कायदा लिहिला, तो माणूस भला असणार याबद्दल मला शंका नाही. मजुराने वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केलं की त्याला असंच वाऱ्यावर सोडायचं नाही. काढायचं झालं तर नोटीस द्या, भरपाई द्या, कारण सांगा. वाचलं तर कोणालाही बरं वाटेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण हा कायदा आमच्या जिंतूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत पोचला तो साहेबांच्या तोंडून, एका वाक्यात. "हे बघा, कोणाचेही दोनशे चाळीस भरू द्यायचे नाहीत."

एवढाच कायदा आमच्याकडे आला. बाकीचा वाटेत कुठे उतरला कोण जाणे.

मी तिथे मस्टर कारकून होतो, म्हणजे मजुरांची हजेरी मांडणारा. नामांतराचा ठराव होऊन मराठवाडा पेटला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी नोकरीला लागलो. खात्याचं नाव सांगत नाही, कारण हे सगळ्याच खात्यांत चालायचं आणि आमचं काही जगावेगळं नव्हतं. रोपवाटिका म्हणजे तारेचं कुंपण घातलेली चार-पाच एकर जमीन, एक विहीर, तिच्यावर डिझेलचं इंजिन, पत्र्याची एक खोली आणि बाहेर ओळीने मांडलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांत सुबाभूळ, निलगिरी, करंज, लिंब. तीस-पस्तीस मजूर, सगळे रोजंदारीवर. साहेब आठवड्यातून एकदा परभणीहून जीपने यायचे, चहा प्यायचे, रोपांकडे एकदा आणि मस्टरकडे चारदा बघायचे आणि जायचे.

आमच्या घराण्यात खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. आम्ही बौद्ध; वडील पाथरीकडे एकाच मालकाच्या शेतात सालगडी म्हणून राबून म्हातारे झाले. माझी जागा राखीव कोट्यातली होती आणि परभणीच्या कचेरीत ते मला विसरू द्यायचे नाहीत. कुठे आकडा चुकला की "असू द्या, कोट्यातले आहेत," असं मला नेमकं ऐकू येईल इतक्या हळू बोलायचे. म्हणून मी माझं मस्टर चुकू द्यायचो नाही. प्रत्येक बेरीज तीनदा करायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

मस्टरखेरीज माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात एकेका मजुराचं एकेक पान आणि पानावर त्याने वर्षभरात भरलेले दिवस. दोनशे वीसच्या पुढे गेलं की मी सावध व्हायचो. दोनशे पस्तीसला त्याच्या नावापुढे लाल रेघ आणि, "उद्यापासून ब्रेक." मग तीन-साडेतीन महिने त्याने फाटकाच्या आत यायचं नाही. वर्ष पालटलं की पुन्हा नव्याने सुरुवात, जणू तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच फावडं हातात घेतोय.

मी एकदा साहेबांना विचारायचं धाडस केलं. म्हटलं, "साहेब, कायदा तर मजुराच्या बाजूचा आहे ना?"

"म्हणूनच तर!" साहेब म्हणाले. त्यांना माझ्या अडाणीपणाचं खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "कायदा त्यांच्या बाजूचा नसता तर ठेवले असते की वर्षभर. आपलं काय जात होतं?"

 कपाळ बडवून घ्यावं तर ते कचेरीच्या वेळेत बरं दिसत नाही.

'ब्रेक' हा शब्द आमच्याकडे इतका रुळला की मजूर त्यावर घरातली कार्यं ठरवायला लागले. बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, "सायेब, आवंदा माझा बिरेक आखाडात धरा, पोरीचं बाळंतपण हाय." कोणी लग्नासाठी ब्रेक मागून घ्यायचं, कोणी घर शाकारायला. मीही शहाण्यासारखा मान डोलवायचो. मजुराला कामावरून काढायची तारीख तोच आपल्या तोंडाने मागतोय आणि वर "लय उपकार झाले" म्हणतोय, हे आम्हाला कोणालाच विचित्र वाटेनासं झालं होतं.

माणसं घेण्याची तऱ्हा तर विचारूच नका. जगात कुठेही कामाला माणूस घेताना विचारतात, काय येतं तुला? आमच्याकडे विचारायचे, आधी कुठे किती दिवस केलंस? ज्याने जास्त केलं तो धोक्याचा. अनुभव हा आमच्याकडे गुन्हा होता. ज्याला विळा उलटा धरावा की सुलटा हे कळत नाही, त्याला साहेब आनंदाने घ्यायचे, कारण त्याचे दिवस शून्य. पिशवीत माती किती भरायची हे एखाद्याच्या हाताला कळायला लागलं की माझी लाल रेघ तयार असायची.

आता थोरल्याबद्दल सांगतो. दोन भाऊ होते. त्यांची नावं इथे घालत नाही, थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आमच्याच समाजातला, रोपवाटिकेपासून दोन कोसांवरच्या गावचा. दंगलीच्या वेळी त्याच्या गावात कोणी घरं जाळली नाहीत. फक्त काम बंद केलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला निंदणीला सांगायचं नाही, कापूस वेचायला सांगायचं नाही, असं गावाने ठरवलं आणि वर्षं गेली तरी ते कोणी मोडलं नाही. म्हणून थोरला आणि त्याची बायको रोज दोन कोस चालत आमच्याकडे यायचे. ती पिशव्या भरायची. तो बी टाकायचा.

सुबाभळीचं बी नुसतं मातीत टाकलं तर उगवत नाही, त्याचं कवच कठीण असतं. आधी गरम पाण्यात काढावं लागतं. पाणी कमी तापलं तर कवच सुटत नाही, जास्त तापलं तर बी शिजतं. थोरला पाण्याला उकळी आली की पातेलं उतरवायचा, जरा थांबायचा आणि त्यात बोट बुडवून बघायचा. बोट ठेवतो म्हटलं तर ठेवता येतं आणि नको म्हटलं तरी चालतं, अशी काहीतरी त्याची खूण होती. मी दोनदा करून बघितलं आणि दोन्ही वेळा बोट भाजलं. त्याने टाकलेले वाफे दाट यायचे. परभणीहून पाहुणे आले की साहेब त्यांना ते वाफे दाखवून "ही आपल्या खात्याची पद्धत" असं सांगायचे आणि खात्याची पद्धत मागे झारी घेऊन उभी असायची.

पहिल्या वर्षी त्याचे दोनशे पस्तीस माघात भरले, म्हणजे ऐन बी टाकायच्या वेळी. मी ब्रेक सांगितला.  तो कुंपणाजवळ उभा राहून बिडी ओढत राहिला. मग म्हणाला, "सायेब, तीन महिने मी करू काय? गावात कोणी उभं करीना आमाला."

मी म्हटलं, "कायदा आहे दादा."

"आसंल," तो म्हणाला. "आमच्यासाठीच केलाय म्हणतेत न्हवं का?"

त्याच्या जागी घेतलेल्या नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात पोतंभर बी उकळून काढलं. भाताचं आधण ठेवतात तसं ठेवलं होतं म्हणे. वाफे कोरडे ठणठणीत राहिले. साहेब आले, त्यांनी बघितलं आणि माझ्यावर भडकले. "तो कुठाय, तो बोट बुडवणारा?"

"ब्रेकवर आहे साहेब."

"आणा त्याला. पण त्याच्या नावावर नको. कसं आणायचं ते मला सांगू नका."

हे वाक्य मी नोकरीत पुढे पुष्कळदा ऐकलं, पण तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो. मी थोरल्याला निरोप धाडला. तो आला. मी विचारलं, "घरात कोणी भाऊबिऊ आहे का?"

होता. धाकटा तिकडे चुडाव्याला, स्टेशनावर कंत्राटदाराकडे हमाली करायचा. जयंतीला तेवढा गावी यायचा. चौथी शिकलेला. मी मस्टरच्या शेवटच्या ओळीत धाकट्याचं नाव लिहिलं आणि थोरल्याला म्हटलं, "आजपासून तू हा."

तो खळखळून हसला. "विद्यापीठाचं नाव बदलायला सरकारला इतकी वर्सं लागायलीत आन तुमी माझं एका दमात बदललं की!"

मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला होता. दिल्लीच्या कायद्याला साहेबांनी फसवलं आणि साहेबांच्या फसवणुकीतून मी माझ्या माणसाला वाचवलं, असा माझा हिशेब. रात्री जेवताना बायकोलाही रंगवून सांगितलं.

मग हे दरवर्षीचंच झालं. दोनशे पस्तीस दिवस थोरला थोरल्याच्या नावावर, उरलेले धाकट्याच्या. अंगठा दोन्हीकडे एकच. त्याच्या डाव्या अंगठ्यावर कधीकाळी विळा लागून तिरपा व्रण राहिला होता आणि प्रत्येक ठशात ती तिरपी रेघ स्पष्ट उठायची. मस्टर चाळताना मला ती दोन वेगवेगळ्या नावांपुढे दिसायची. तपासायला आलेल्या एकालाही दिसली नाही. ते बेरजा बघायचे आणि बेरजा बरोबर असायच्या.

पाच-सहा वर्षांनी साहेब बदलले. नवे साहेब जुन्यांपेक्षा कायदा जास्त वाचलेले होते, म्हणजे जास्त घाबरलेले होते. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, "जी नावं चार-पाच वर्षं सारखी दिसतात ती कमी करा. जुनी नावं म्हणजे उद्याची कोर्टकचेरी." थोरल्याचं नाव सगळ्यांत जुन्यांपैकी. मी काय केलं? त्या वर्षी थोरल्याच्या नावावर जेमतेम दोन महिने लावले आणि बाकी सगळं वर्ष धाकट्याच्या नावावर. तो रोज येत होता, बी उगवत होतं, साहेब खुश होते. आणि माझ्या लाल वहीत धाकट्याचं पानच नव्हतं. त्याचे दिवस मी कधी मोजलेच नव्हते. जो माणूस फाटकातून कधी आत आला नाही, त्याचे दिवस मोजायचे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मोजायचो ती माणसं. सरकार मोजत होतं ती नावं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दुसऱ्या कुठल्या तालुक्यातले मजूर कोर्टात गेले आणि जिंकले. वरून परिपत्रक आलं. ज्या रोजंदारी मजुरांनी मागच्या कोणत्याही एका वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असतील त्यांना कायम करायचं आहे, यादी पाठवा. मी कपाटातून सगळी जुनी मस्टरं काढली. धूळ झाडली. चार दिवस बेरजा करत बसलो. आठ-आठ वर्षं राबलेले मजूर, आणि एकेकाचा आकडा यायचा दोनशे चौतीस, दोनशे पस्तीस, दोनशे एकतीस. कोणीही रेषेच्या पलीकडे गेलेला नाही. सगळ्यांना मी वेळेवर थांबवलं होतं. माझं काम इतकं चोख होतं की माझंच मस्टर मला वाचवेना.

सगळ्या रोपवाटिकेत एकच नाव निघालं. धाकट्याचं. दोनशे त्रेसष्ट दिवस.

मी तीनदा मोजलं. मग पाणी प्यालो आणि चौथ्यांदा मोजलं.

साहेबांना यादी दाखवली तर ते एवढे खुश झाले की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "एकच? शाब्बास! बाकीच्या रोपवाटिकांनी पंधरा-पंधरा पाठवलेत. कोण आहे हा?"

"आहे एक मजूर," मी म्हणालो.

तिथेच खरं बोलायला हवं होतं. साहेब, या नावाचा माणूस इथे कधी आलाच नाही, हे दिवस दुसऱ्याचे आहेत, अंगठा बघा, अंगठ्यावर व्रण बघा. सगळा पुरावा माझ्यासमोर टेबलावर उघडा पडला होता. पण ते बोलायचं म्हणजे मस्टर खोटं आहे म्हणायचं, आणि मस्टर माझ्या हातचं. निलंबन, चौकशी, कदाचित पोलीसही. ज्यांनी "कसं ते मला सांगू नका" म्हटलं होतं ते साहेब कधीच दुसऱ्या जिल्ह्यात बढतीवर गेले होते. आणि परभणीच्या कचेरीत सगळे म्हणाले असते, बघा, म्हटलं नव्हतं? कोट्यातले आहेत. मी चहा प्यालो. तो गोडमिट्ट होता एवढं आठवतं.

रविवारी दुपारी मी थोरल्याच्या घरी गेलो. कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण. त्याने बाज टाकली, त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या दिला. मी सगळं सांगितलं. परिपत्रक, यादी, दोनशे त्रेसष्ट. त्याला समजायला जरा वेळ लागला. बायकोला लगेच समजलं.

"म्हंजी नोकरी कोणाला?" तिने विचारलं.

"नाव ज्याचं आहे त्याला."

"आन काम केलं ते?"

मी तांब्या खाली ठेवला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कामून हो सायेब, तुमच्या कागदाला माणूस दिसत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, दुसरा मार्ग आहे. थोरल्याने धाकट्याच्या नावानेच नोकरीला लागायचं. जन्मभर. हे बोलतानाच मला कळत होतं की मी मूर्खासारखं बोलतोय. कायम व्हायचं तर शाळेचा दाखला लागतो. थोरला शाळेत गेलाच नव्हता आणि धाकट्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख त्याच्या जन्माच्या अकरा वर्षांनंतरची. डॉक्टरी तपासणी. पुढे पोरांच्या दाखल्यावर बापाचं नाव एक आणि कचेरीत दुसरं. आणि उद्या हा मेला तर त्याची बायको कागदावर भावजय ठरणार. ती तिथेच उभी होती. तिने सरळ विचारलं, "मग मी कोण?"

उरला एकच मार्ग. मी साहेबांना खरं सांगायचं. तेही मी शेवटी बोललो. हळू आवाजात, पण बोललो. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर मी उद्या जाऊन सांगतो."

थोरल्याने बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानाला खोचली. "तुमची नोकरी जाईल न्हवं?"

"जाईल बहुतेक."

"मग न्हाई," तो म्हणाला. "आपल्यातलं एक लेकरू खुर्चीवर बसलंय. त्याला उठवू का मी? आन धाकटा काय परका हाय? त्याच्या नावावर इतकी वर्सं भाकर खाल्ली म्या. जाऊ द्या. घरातच हाय."

बायको तडक आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मला तिचा राग पटला आणि थोरल्याचा भयंकर राग आला. त्याने भांडायला हवं होतं. माझी गचांडी धरायला हवी होती, आई-बहिणीवरून शिव्या द्यायला हव्या होत्या, म्हणजे मला निदान कुठेतरी उभं राहता आलं असतं. त्याने मला माफ करून टाकलं आणि वर आग्रह करकरून चहा पाजला. परत येताना एस.टी.त बसल्यावर मला माझ्याच सुटकेचा आनंद झाल्याचं लक्षात आलं. त्या आनंदाची लाज अजून गेलेली नाही.

धाकट्याला चुडाव्याला कार्ड टाकलं. तो आगगाडीने परभणीला आणि तिथून एस.टी.ने आला. भरल्या दंडांचा, थोडा लाजाळू, खांद्यावर हमालाचा पंचा. साहेबांनी ओळख पटवायला म्हणून रोपवाटिकेतच बोलावलं. मी, साहेब, धाकटा; आणि थोरला दोन पावलं मागे झारी घेऊन उभा.

साहेबांनी मला विचारलं, "हाच ना तो, ज्याने काम केलं?"

"हो साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी थोरल्यालाही विचारलं, "काय रे, तुझ्याबरोबर हाच होता ना कामाला?"

"होय सायेब. ह्योच."

साहेबांना मग परीक्षा घ्यायची हुक्की आली. धाकट्याला म्हणाले, "सुबाभळीचं बी कसं टाकतात, सांग बरं."

धाकट्याने आयुष्यात सुबाभळीचं बी बघितलं नव्हतं. तो मागे वळून भावाकडे बघायला लागला. थोरला म्हणाला, "गरम पाण्यात सायेब, बोट बुडवून..."

"तुला विचारलंय का? त्याला बोलू दे."

"गरम पाण्यात," धाकटा म्हणाला. "बोट बुडवून."

"बरोबर!" साहेब म्हणाले. मग कागदावर धाकट्याने सही केली, वळणदार, चौथी पास माणसाची सही. साहेब थबकले. "मस्टरवर तर सगळीकडे अंगठा आहे."

 माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हाताला शेणमाती असते साहेब, पेन खराब होतं."

साहेबांना ते पटलं. बायकोला खरं सांगतानासुद्धा मी अडखळतो. तिथे किती सफाईने बोललो!

दोन महिन्यांत हुकूम आला. धाकटा कायम झाला, माळी म्हणून. त्याला खाकी कपडे मिळाले. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. पहिला महिना तो भावाच्या बरोबरीने राबला. दादा उभा असताना खोलीपुढच्या बाजेवर बसायचा नाही. मग अधूनमधून बसायला लागला. मग बसूनच राहायला लागला, कारण त्याचं काम आता मजुरांवर लक्ष ठेवायचं होतं. माणूस आहे. मीही खुर्चीवरून कुठे उठलो होतो? थोरला त्याला पाणी किती तापवायचं ते शिकवायचा आणि तो माझ्यासारखाच बोट भाजून घ्यायचा.

थोरला मस्टरवरच राहिला, आता फक्त स्वतःच्या नावावर. परिपत्रक एकदाच आलं होतं. पुन्हा आलं नाही. साहेबांनी मात्र लगेच बजावलं, "एक निसटला तेवढा पुरे. यापुढे दोनशे पस्तीससुद्धा नको, दोनशे तीसलाच थांबवा." मी लाल वहीत नव्या वर्षाची नवी पानं घातली.

त्या वर्षी थोरल्याचे दोनशे तीस पुन्हा माघातच भरले. मी खिडकीतून त्याला हाक मारली आणि सांगितलं, "दादा, उद्यापासून ब्रेक."

त्याने मान हलवली. हौदावर जाऊन हातपाय धुतले, पटक्याच्या टोकाला हात पुसले आणि पुन्हा खिडकीशी आला. बायको अजून पिशव्या भरत होती. तिचा ब्रेक पुढच्या महिन्यात होता. धाकटा बाजेवर बसून मजुरांकडे बघत होता.

"सायेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"धाकट्याचं नाव तर आता पक्कं झालं. मग आता बिरेकात मी कोणाच्या नावावर येऊ?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आज कोणत्या वाफ्याला पाणी देऊ असं विचारावं, तसं त्याने विचारलं होतं. मी मस्टर चाळलं, उगीचच. त्याला दुसरा भाऊ नव्हता. बायकोचं नाव आधीच मस्टरवर होतं. त्या घरात आता वापरायला एकही नाव शिल्लक नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो.

सरकारी कचेरीतलं 'बघतो' त्याला चांगलं कळत होतं. त्याने हसून मान डोलवली, बायकोला "ये मागून" म्हणून सांगितलं आणि फाटकाकडे निघाला. जाता जाता बाजेजवळ थांबून धाकट्याला म्हणाला, "पाणी लय तापवू नको रं. बोट बुडवून बघत जा."

मी लाल शाईचं पेन घेतलं आणि त्याच्या नावापुढे रेघ ओढली. दोनशे तीस दिवस. अगदी बरोबर होते. मी तीनदा मोजले होते.